शहराचे नियम बदलताना नागरिकाने काय करावे: मसुदा, हरकत आणि माहिती अधिकार यांचे टप्पे

महापालिकेने एखादा नियम बदलला हे बहुतेक नागरिकांना बातमीतून कळते, आणि बातमी छापून येईपर्यंत हरकत नोंदवण्याची मुदत बहुधा संपलेली असते. त्यानंतर निवेदने दिली जातात, सह्या गोळा होतात. परंतु कायद्याने दिलेली हक्काची वेळ निघून गेलेली असल्यामुळे त्या निवेदनांची दखल घेण्याचे बंधन कोणावरही राहत नाही. म्हणून या लेखाचा सगळा भर वेळेवर आहे. नियम अजून मसुद्याच्या अवस्थेत असताना तो कसा शोधावा, त्यामागची कागदपत्रे कशी मिळवावीत आणि हरकत कशी लिहावी, हे महाराष्ट्रातील महापालिकांपुरते येथे क्रमाने सांगितले आहे. या प्रक्रियेतून मी स्वतः गेलो आहे. ती अवघड नाही, मात्र तिचे टप्पे कोणत्याही कार्यालयात एका जागी लिहिलेले सापडत नाहीत.

१. बदल कोण करत आहे ते आधी ठरवा

नवख्या माणसाचा सर्वाधिक वेळ चुकीच्या दारात उभे राहण्यात जातो. आपल्या शहरांना स्वतःची अशी घटना नाही. मुंबईचा कारभार १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमानुसार चालतो, राज्यातील इतर महापालिकांचा १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार आणि नगरपरिषदा व नगरपंचायतींचा १९६५ च्या अधिनियमानुसार. हे तिन्ही राज्याचे कायदे आहेत. १९९३ साली अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी स्थानिक संस्थांना घटनेत स्थान दिले आणि बाराव्या अनुसूचीत १८ विषय नमूद केले. तरीही शहराच्या रचनेचा मूळ कायदा बदलण्याचा अधिकार विधिमंडळाकडेच राहिला.

त्यामुळे बदल तीन पातळ्यांवर होतात. पहिली पातळी अधिनियमाची. प्रभागात किती सदस्य असावेत, नगरसेवकांची संख्या किती असावी, महापौर आणि आयुक्त यांचे अधिकार कोणते, हे सर्व विधिमंडळात ठरते, आणि अधिवेशन चालू नसेल तर अध्यादेशाने. मुंबईतील प्रभागांची संख्या २०२१ मध्ये २२७ वरून २३६ करण्यात आली आणि २०२२ मध्ये ती पुन्हा २२७ झाली. इतर महापालिकांतही प्रभाग एक सदस्याचा असावा की अनेक सदस्यांचा, हा निर्णय काही वर्षांत वारंवार फिरला. यांपैकी एकही निर्णय महापालिकेच्या सभागृहाच्या हातात नव्हता. अशा बदलाविषयी महापालिकेत अर्ज देऊन काही साधत नाही. आपले म्हणणे नगरविकास विभागाकडे आणि आपल्या आमदारांकडे लेखी द्यावे लागते.

दुसरी पातळी राज्य शासनाच्या नियमांची व अधिसूचनांची आहे. यांत अनेकदा मसुदा राजपत्रात प्रसिद्ध करून हरकती मागवल्या जातात. तिसरी पातळी महापालिकेचे उपविधी (अधिनियमाच्या आधारे महापालिकेने केलेले नियम), कराचे व शुल्काचे दर, धोरणे आणि ठराव यांची. येथे नागरिकाला सर्वांत जास्त वाव आहे, आणि पुढील बहुतेक टप्पे याच पातळीला धरून आहेत. उपविधी महापालिका तयार करत असली तरी त्यांना राज्य शासनाची मंजुरी लागते, म्हणून महापालिकेत आपले ऐकले गेले नाही तरी आणखी एक दार उघडे राहते.

२. हाताशी ठेवायची कागदपत्रे आणि साधने

– संबंधित अधिनियमाची अद्ययावत मराठी प्रत. जुनी पुस्तके वापरू नका, कारण या कायद्यांत सतत दुरुस्त्या होत असतात.
– माहिती अधिकार अर्जाचा नमुना, म्हणजे ‘जोडपत्र अ’. पहिल्या अपिलासाठी ‘जोडपत्र ब’ आणि दुसऱ्यासाठी ‘जोडपत्र क’.
– १० आणि २० रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, मात्र त्याचा पुरावा जोडावा लागतो.
– प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती: एक कार्यालयासाठी, दुसरी पोच घेण्यासाठी.
– एक साधी वही, जिच्यात तारीख, आवक क्रमांक, विभाग आणि पुढची मुदत एवढेच लिहायचे.

या यादीत सर्वांत मोलाची वस्तू वही आहे. अर्ज कधी दिला, तीस दिवस कधी भरतात आणि अपिलाची शेवटची तारीख कोणती, हे लिहून न ठेवल्यामुळे चांगली प्रकरणे हातची जातात.

३. मसुदा आणि जाहीर सूचना शोधा

जाहीर सूचना चार ठिकाणी पाहाव्यात: महापालिकेच्या संकेतस्थळावर, स्थानिक दैनिकांच्या आतल्या पानांवर, प्रभाग कार्यालयाच्या सूचना फलकावर आणि महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात. संकेतस्थळावर मसुदा कधी ‘नवीन घडामोडी’खाली असतो, कधी संबंधित खात्याच्या पानावर, तर कधी ‘निविदा व सूचना’ या शीर्षकाखाली दडलेला असतो, म्हणून केवळ मुखपृष्ठ पाहून परत फिरू नका.

मुदत प्रत्येक कायद्यानुसार वेगळी असते. मंजूर विकास योजनेत किरकोळ फेरबदल करायचा असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ नुसार हरकतींसाठी एक महिना मिळतो. झाड तोडण्याच्या प्रस्तावावर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार अवघे सात दिवस असतात, आणि त्यात रविवार किंवा सण आला तरी दिवस वाढत नाहीत. मुदत सूचना प्रसिद्ध झाल्याच्या तारखेपासून मोजली जाते. आपल्याला ती कधी दिसली याला महत्त्व नाही.

सूचनेबरोबर सभांची विषयपत्रिकाही वाचायची सवय लावून घ्यावी. स्थायी समिती आणि सर्वसाधारण सभा यांची विषयपत्रिका नगरसचिव कार्यालयातून निघते (मुंबईत हे काम महापालिका चिटणीसांचे कार्यालय करते). उपविधीची सूचना निघण्यापूर्वी त्याचा प्रस्ताव बहुधा याच मार्गाने पुढे आलेला असतो, त्यामुळे विषयपत्रिका नियमित वाचणाऱ्याला मसुद्याची चाहूल बरीच आधी लागते. सभागृहाची मुदत संपून प्रशासकाची नेमणूक झालेली असेल तर सभा होत नाहीत. त्या काळात प्रशासकाच्या ठरावांची यादी मागावी. निर्णय तेव्हाही होत असतात, फक्त त्यांवर जाहीर चर्चा होत नाही, आणि म्हणूनच त्या काळात नागरिकाची नजर अधिक बारीक असायला हवी.

४. मसुद्यामागची नस्ती पाहा

मसुदा वाचून काय बदलणार ते कळते, पण का बदलणार आणि कोणी सुचवले ते नस्तीतच, म्हणजे त्या प्रस्तावाच्या कार्यालयीन फाइलमध्येच, सापडते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चा उपयोग येथे करायचा. अर्ज करण्यापूर्वी महापालिकेने कलम ४(१)(ख) खाली स्वतःहून प्रसिद्ध केलेल्या १७ बाबी संकेतस्थळावर पाहून घ्या. खात्याचा जन माहिती अधिकारी कोण आणि अपिलीय अधिकारी कोण, हे तेथेच मिळते. त्याच कलमाच्या (ग) खंडानुसार, लोकांवर परिणाम करणारे महत्त्वाचे धोरण आखताना सर्व संबंधित वस्तुस्थिती प्रसिद्ध करणे प्राधिकरणावर बंधनकारक आहे. हा खंड फार थोड्या अर्जांत उद्धृत केलेला दिसतो. आपण तो जरूर उद्धृत करावा.

महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयापुरता आणि साधारणपणे १५० शब्दांच्या आत असावा, असा नियम आहे. त्यामुळे प्रस्तावना, तक्रार आणि रागाचे शब्द वगळून केवळ कागद मागावेत. पुढील मांडणी पुरेशी ठरते:

विषय: (उपविधीचे नाव) यातील दुरुस्तीचा प्रस्ताव.
कालावधी: (दिनांक) ते (दिनांक).
मागणी: (१) या प्रस्तावाच्या नस्तीतील सर्व टिपणी पानांच्या साक्षांकित प्रती. (२) विधी विभाग आणि लेखा विभाग यांच्या अभिप्रायांच्या प्रती. (३) स्थायी समितीपुढे सादर केलेल्या विषयपत्राची व त्यावरील ठरावाची प्रत. (४) सदर नस्तीचे प्रत्यक्ष अवलोकन.

‘हा नियम का बदलला?’, ‘जबाबदार कोण?’ असे प्रश्न विचारू नका. कायदा अभिलेखातील माहिती देतो, खुलासा देत नाही, आणि प्रश्नार्थक अर्ज फेटाळायला अधिकाऱ्याला सोपा जातो. जे उत्तर हवे आहे ते कोणत्या कागदावर लिहिलेले असेल याचा विचार करून तो कागद मागावा. माहिती कशासाठी हवी याचे कारण सांगण्याची गरज कलम ६(२) नुसार नाही. कोणी तोंडी विचारले तर नम्रपणे या कलमाकडे बोट दाखवावे. अर्ज चुकीच्या खात्याकडे गेला असल्यास तो पाच दिवसांत योग्य प्राधिकरणाकडे पाठवणे हे कलम ६(३) नुसार त्यांचे काम आहे.

अर्जाला १० रुपये शुल्क, छायाप्रतीला पानामागे २ रुपये. अवलोकनाचा पहिला तास विनाशुल्क असतो आणि पुढे दर पंधरा मिनिटांना ५ रुपये पडतात. उत्तर तीस दिवसांत यायला हवे. मुदत उलटल्यावर दिलेली माहिती कलम ७(६) नुसार मोफत द्यावी लागते.

येथे एक अडचण तुमच्या लक्षात आली असेल. हरकतीची मुदत एक महिना असेल तर माहिती मिळण्याची मुदतही तेवढीच, म्हणजे सूचना निघाल्यावर अर्ज केला तर माहिती हातात पडेपर्यंत हरकतीची वेळ संपते. यावर दोन उपाय आहेत. विषय विषयपत्रिकेत दिसताच अर्ज करावा, हा पहिला. दुसरा उपाय म्हणजे अवलोकन. राज्य शासनाच्या २०१८ च्या परिपत्रकानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि महापालिकांसारख्या स्थानिक संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात, आणि सोमवारी सुट्टी असेल तर त्यानंतरच्या कामकाजाच्या दिवशी. आदल्या आठवड्यात खात्यात जाऊन कोणती नस्ती पाहायची आहे ते सांगून ठेवल्यास त्या दिवशी ती समोर आलेली असते.

नस्ती हातात आल्यावर गोंधळून जाऊ नये. तिचे दोन भाग असतात: एकात टिपणी पाने आणि दुसऱ्यात पत्रव्यवहार. टिपणी पानांपासून सुरुवात करा. कनिष्ठ लिपिकापासून आयुक्तांपर्यंत प्रत्येकाचा शेरा, सही आणि तारीख तेथे एकाखाली एक असते, त्यामुळे प्रस्ताव कोणाच्या टेबलावर किती दिवस राहिला आणि कोणत्या टप्प्यावर त्यातील शब्द बदलले, हे नुसत्या तारखा उतरवून घेतल्या तरी कळते. विधी विभागाचा अभिप्राय मुद्दाम वाचावा. अनेकदा त्यात मांडलेल्या शंकेचे पुढच्या पानांवर उत्तरच नसते, आणि तीच आपल्या हरकतीतील सर्वांत भक्कम ओळ ठरते. पानांवर क्रमांक टाकलेले आहेत ना हेही पाहावे. क्रमांक नसतील तर तशी नोंद आपल्या अवलोकनाच्या अर्जावर करून त्याची पोच घ्यावी.

५. हरकत लिहा

हरकत म्हणजे निषेधाचे पत्र नव्हे. ती वाचणारा अधिकारी सर्व हरकतींचा एक तक्ता करतो, आणि तिचे शब्द त्या तक्त्याच्या रकान्यात जसेच्या तसे बसतील अशी ती लिहिली तर तिच्यावर उत्तर द्यावेच लागते. प्रत्येक कलमासाठी स्वतंत्र परिच्छेद करून त्यात हा क्रम ठेवावा: मसुद्यातील कलम क्रमांक, सध्याची तरतूद, प्रस्तावित तरतूद, आपला आक्षेप, त्याचे कारण आणि शेवटी आपण सुचवत असलेला पर्यायी मजकूर. बरेच लोक आक्षेपावर थांबतात. पर्यायी मजकूर नियमाच्या भाषेत लिहून दिला की हरकतीबरोबर सूचनाही नोंदली जाते, आणि अंशतः का होईना ती स्वीकारण्याची सोय अधिकाऱ्याला मिळते.

कारणे देताना पुराव्याला धरून राहा. मसुदा मूळ अधिनियमातील एखाद्या कलमाशी विसंगत असेल तर तो मुद्दा सर्वांत वर घ्यावा, कारण उपविधी अधिनियमाच्या विरोधात जाऊ शकत नाही. त्यानंतर नस्तीतील कागदांचा पान क्रमांकासह उल्लेख करावा, आणि प्रत्यक्ष परिस्थिती दाखवणारी छायाचित्रे वा मोजमापे असतील तर ती शेवटी जोडावीत. ‘मला प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्यावी’ हे वाक्य विसरू नका.

एकच मजकूर छापून शेकडो सह्यांनी दिलेल्या हरकती बहुधा एका गटात टाकून एकाच उत्तरात निकाली काढल्या जातात. सह्यांचे मोल राजकीय पातळीवर असते, ते मी नाकारत नाही, पण सुनावणीच्या तक्त्यात प्रत्येकाने स्वतःच्या गल्लीतील, स्वतःच्या इमारतीपुढील वस्तुस्थिती मांडलेल्या दहा वेगळ्या हरकती अधिक काम करतात. मुंबईच्या विकास योजनेचा २०१५ चा मसुदा हे याचे मोठे उदाहरण. त्यातील नोंदींच्या चुका नागरिकांनी, संस्थांनी आणि तज्ज्ञांनी जागोजाग दाखवून दिल्या, मोठ्या प्रमाणावर हरकती आल्या, शासनाने तो मसुदा फेरतयारीसाठी परत पाठवला आणि सुधारित मसुदा २०१६ मध्ये पुन्हा लोकांसमोर आला.

हरकत आवक-जावक विभागात द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्यावा. ‘साहेबांच्या टेबलावर ठेवा’ असे कोणी सुचवल्यास ते ऐकू नये. ई-मेलने पाठवायची असेल तर सूचनेत दिलेल्या पत्त्यावरच पाठवा आणि शक्य असल्यास कागदी प्रतही द्या.

६. सुनावणीला जा

सुनावणीचे पत्र कधी आदल्या दिवशी येते, म्हणून मुदत संपल्यानंतर दर आठवड्याला खात्यात चौकशी करावी. विकास योजनेच्या बाबतीत सुनावणी नियोजन समिती घेते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. इतर बाबतींत प्राधिकृत अधिकारी ऐकून घेतात. वेळ थोडा मिळतो. लेखी हरकत वाचून दाखवण्यात तो घालवू नका. सर्वांत महत्त्वाचा एकच मुद्दा सांगावा, त्याचा कागद पुढे ठेवावा आणि उरलेल्यासाठी ‘लेखी म्हणणे कायम’ असे नोंदवून घ्यावे. उपस्थितीपत्रकावर सही केल्याशिवाय निघू नये, कारण ‘हरकतदार गैरहजर’ अशी नोंद झाली तर पुढच्या टप्प्यावर ती खोडून काढणे कठीण जाते.

७. ठराव आणि त्यातील उपसूचना तपासा

सर्वसाधारण सभा प्रेक्षक गॅलरीतून पाहता येते. प्रवेशपत्रिका नगरसचिव कार्यालयातून घ्यावी लागते. लक्ष उपसूचनांवर, म्हणजे सभेत मूळ प्रस्तावाला सुचवलेल्या दुरुस्त्यांवर, ठेवा. मूळ प्रस्ताव निरुपद्रवी वाटावा आणि ऐनवेळी आलेल्या उपसूचनेने त्याचा अर्थ पालटावा, असे घडू शकते. शिवाय विषय पुकारणे आणि मंजूर होणे यांत कधी कधी काही क्षणच जातात. म्हणून सभा संपल्यावर ठरावाची साक्षांकित प्रत मागवून ती मसुद्याशी ओळीओळीने ताडून पाहावी. ‘दफ्तरी दाखल’ झालेला विषय तूर्त बाजूला पडतो, परंतु तो नव्या प्रस्तावाच्या रूपाने पुन्हा येऊ शकतो, तेव्हा आपली नस्ती बंद करू नये.

ठराव कायद्याच्या विरोधात किंवा लोकहिताला बाधक असेल, तर १९४९ च्या अधिनियमाच्या कलम ४५१ खाली तो निलंबित अथवा विखंडित (रद्द) करण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. नगरविकास विभागाकडे अर्ज करताना हरकतीची पोच, सुनावणीची नोंद आणि ठरावाची प्रत हे तिन्ही कागद जोडावेत. हे कागद नसलेला अर्ज तेथे सामान्य तक्रार म्हणून पाहिला जातो.

८. माहिती नाकारली तर अपील करा

तीस दिवसांत उत्तर आले नाही तर कायद्याने तो नकारच समजला जातो. पहिले अपील त्यानंतर तीस दिवसांच्या आत, २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, त्याच संस्थेतील अपिलीय अधिकाऱ्याकडे करायचे. त्याचा निर्णय तीस दिवसांत, आणि कारण नमूद करून जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत व्हायला हवा. दुसरे अपील नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या संबंधित खंडपीठाकडे जाते. आयोगाकडे प्रकरणे साचलेली असल्याने तेथील निर्णयाला फार वेळ लागतो, म्हणून सगळी ताकद पहिल्या अपिलावर लावावी आणि त्या सुनावणीला स्वतः हजर राहावे. कसूर करणाऱ्या जन माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड करण्याचा अधिकार आयोगाला आहे.

नकाराची कारणे ठरावीक असतात. ‘माहिती व्यापक स्वरूपाची आहे’ असे उत्तर आल्यास अपिलात अवलोकनाची मागणी पुढे करावी. ‘वैयक्तिक माहिती’ हे कारण यापुढे अधिक दिसेल, कारण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातील तो अपवाद रुंद केला आहे. मात्र लोकहित अधिक मोठे असेल तर माहिती देता येते हे सांगणारे कलम ८(२) कायम आहे, आणि शहराचा नियम बदलण्यामागची टिपणी ही कोणाची खासगी बाब नाही, हे अपिलात स्पष्ट लिहावे.

९. अंतिम अधिसूचना वाचा

मंजुरीनंतर बदल अमलात येतो तो अधिसूचनेत दिलेल्या तारखेपासून. मसुदा, सभेचा ठराव आणि राजपत्रातील अंतिम मजकूर हे तीन कागद शेजारी ठेवून वाचावेत, कारण शासन मंजुरी देताना स्वतःचे फेरफार करू शकते. आपली सूचना स्वीकारली गेली असेल तर ती कोणत्या शब्दांत उतरली ते पाहावे. नाकारली असेल तर हरकतींच्या अहवालाची प्रत मागवून नकाराचे कारण पाहावे. कलम ४(१)(घ) नुसार, निर्णयाची झळ पोहोचलेल्या व्यक्तीला त्याची कारणे देणे प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. पुढे न्यायालयात जाण्याचा विचार असेल तर वकिलाकडे जाताना हेच कागद तारखेच्या क्रमाने लावून, वरती वहीतील नोंदींची एक पानी सूची जोडून न्यावेत.